प्रलंबित चक्की

सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता भोपाळात कोलार रोडवरच्या एका ड्युप्लेक्सच्या गॅरेजात उभ्या असलेल्या चक्कीला सरकारी सील लागलं. चक्की तोवर एकदाही चालली नव्हती.

सील लावायला तिघे आले होते. एकाच्या हातात लाखेची कांडी होती, दुसऱ्याच्या हातात मेणबत्ती, आणि तिसऱ्याच्या हातात काहीच नव्हतं, त्यावरून तो साहेब आहे हे कळत होतं. चक्कीच्या तोंडाला पांढरं कापड बांधलं गेलं, स्टार्टरच्या डब्याला दुसरं. गाठींवर लाख ओतायची वेळ आली तेव्हा मेणबत्ती सारखी विझू लागली. शेवटी घरमालक यशवंतराव पाठराबे, निवृत्त अवर सचिव, पुढे झाले आणि त्यांनी गॅरेजातला पंखा बंद केला. पंचनाम्यात याची नोंद 'घरमालकाने पूर्ण सहकार्य केले' अशी झाली. मग सुपुर्दनाम्यावर त्यांची सही घेतली गेली. सील केलेली चक्की आजपासून त्यांच्याच ताब्यात, आणि सीलला धक्का लागला तर जबाबदारही तेच. यशवंतरावांनी सुपुर्दनाम्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि मग सही केली.

स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या पत्नी वैजयंतीबाई भाजलेल्या डाळीची परात घेऊन उभ्या होत्या. जीप गल्लीबाहेर पडल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अहो, पंखा तुम्ही बंद केलात?"

"मेणबत्ती विझत होती," यशवंतराव म्हणाले.

हे उत्तर त्या घरात पुढे पुष्कळ दिवस टिकलं. भाजीत मीठ कमी पडलं, गॅसवर दूध उतू गेलं, दारावरची बेल कोणी ऐकली नाही, तरी वैजयंतीबाई शांतपणे म्हणत, मेणबत्ती विझत असेल.

आता चक्कीबद्दल थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रात जिला गिरणी म्हणतात तिला भोपाळची मराठी माणसंही चक्कीच म्हणतात, आणि अशा चक्क्यांना शहरात तोटा नाही. पण त्या सगळ्यांवर सकाळपासून गहू पडतो. सिहोरकडचा शरबती गहू, त्याची पोळी मऊसूत होते याबद्दल भोपाळात दुमत नाही. अडचण चकलीची. चकलीची भाजणी गव्हामागून दळली की तिच्यात गव्हाचं पीठ मिसळतं आणि चकली दुसऱ्याच दिवशी मान टाकते. चक्कीवाल्याला आधी थोडे तांदूळ टाकून जातं साफ कर म्हणून सांगावं, तर तो म्हणतो, बहनजी, चक्की है, मंदिर नहीं है. या एका मुद्द्यावर भोपाळातले नागपूरवाले, इंदूरवाले आणि ग्वाल्हेरवाले मराठी लोक एकत्र येतात. एरवी ते कशावरच एकत्र येत नाहीत. वरणात गूळ घालावा की नाही यावर तर त्यांच्यात सोयरिकी थांबलेल्या आहेत.

वैजयंतीबाईंची चकली मात्र मान टाकत नसे. मिक्सर, चाळणी आणि हट्ट यांच्या जोरावर त्या घरापुरती भाजणी घरातच दळत आल्या होत्या. यंदा श्रावणात मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कोणीतरी म्हणालं की दिवाळीला आम्हालाही द्या, आणि बघता बघता अर्ध्या भोपाळातल्या मराठी घरांनी नावं दिली. वैजयंतीबाईंनी सगळ्यांना हो म्हटलं. ही गोष्ट वाटते तेवढी साधी नव्हती. या घरात लोकांना शब्द द्यायचं काम इतकी वर्षं यशवंतरावांकडे होतं. कोणाची बदली, कोणाची पेन्शन, कोणाचा दाखला. वैजयंतीबाई चहा देत. आता पहिल्यांदाच लोक त्यांच्याकडे काही मागायला आले होते आणि त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने, दिवाळीच्या आत देते असं कबूल केलं होतं. मुलाने, तुषारने, पिशव्यांवर लावायला चिठ्ठ्यासुद्धा छापून आणल्या होत्या. त्यांवर लिहिलं होतं, 'सौ. वैजयंती पाठराबे यांची भाजणी'. यशवंतरावांनी चिठ्ठी वाचली आणि 'यांची' नंतर 'चकलीची' हवं होतं, एवढाच अभिप्राय दिला.

मग तुषारने करोंदला जाऊन धान्याच्या मंडीजवळच्या दुकानातून बेताच्या आकाराची चक्की आणली. तो मंडीदीपला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे, त्यामुळे मोटर त्यानेच बसवली. डाळी-तांदूळही करोंदहूनच आले, निवडून झाले, धुऊन वाळले, भाजायला सुरुवात झाली. आता फक्त बटण दाबायचं होतं.

पण घरात नियम जाणणारा माणूस होता.

निवृत्तीआधीची शेवटची दोन वर्षं यशवंतराव नियम-सुलभीकरण समितीचे सचिव होते. निरुपयोगी झालेले जुने नियम शोधून ते रद्द करायची शिफारस करणं हे त्या समितीचं काम. लहान दळणयंत्रांना परवाना लागतो असा एक नियम रेशनच्या टंचाईच्या काळापासून चालत आला होता आणि तो का आहे हे कोणालाच आठवत नव्हतं. यशवंतरावांनी तो शोधला, त्यावर टिपण लिहिलं आणि तो रद्द व्हावा असा मसुदा केला. त्यातली 'लहान' या शब्दाची व्याख्या करायला समितीला एक अख्खा पावसाळा लागला होता. हा मसुदा आपल्या नोकरीचं सार आहे असं ते मानत. निवृत्तीच्या समारंभात त्यांना मिळालेल्या शालीबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण मसुद्याबद्दल बोलत.

चक्की घरात आली आणि त्याच आठवड्यात सकाळच्या पेपरात बातमी आली की मंत्रिमंडळाने तो नियम रद्द केला. यशवंतरावांनी ती बातमी उभं राहून वाचून दाखवली. तुषार चहा पिता पिता म्हणाला, "मग झालं ना बाबा. बटन दबाओ और बात खतम."

दुसऱ्या कोणीही बटण दाबलं असतं. पण यशवंतरावांचे वडील राजधानी बदलली तेव्हा नागपूरहून सचिवालयाबरोबर भोपाळला आले होते, आणि काम सुरू करण्याआधी लेखी मार्गदर्शन मागवायचं हे त्या घरातलं वळण होतं. वडिलांनी तर म्हणे घराला रंग कोणता द्यावा यासाठी क्वार्टरच्या खात्याला पत्र लिहिलं होतं आणि उत्तर येईपर्यंत घर बिनरंगाचं ठेवलं होतं. यशवंतरावांनी त्याच सकाळी कागद घेतला. 'सदर नियम रद्द झाले असल्याने परवान्याची आवश्यकता उरलेली नाही, अशी माझी समजूत आहे. ती योग्य असल्यास तसे लेखी कळवावे व मार्गदर्शन करावे.' पत्र अर्थात हिंदीत होतं. त्यांची सरकारी हिंदी त्यांच्या मराठीपेक्षाही निर्दोष आहे. टी. टी. नगरातल्या परवान्यांच्या कार्यालयात स्वतः जाऊन त्यांनी ते दिलं, आवक क्रमांक घेतला आणि प्रसन्न मनाने येताना कोथिंबीर आणली.

घोटाळा झाला तो इथे. बातमी पेपरात आली म्हणजे नियम रद्द होत नाही. तो राजपत्रात छापून यावा लागतो. राजपत्र छापायला काही दिवस लागले. ही गोष्ट यशवंतरावांना ठाऊक नव्हती असं नाही. भोपाळात ती त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसेल. पण स्वतःचा मसुदा पेपरात पाहिल्यावर माणसाचं भान थोडं सुटतं. त्यामुळे नियम कागदोपत्री जिवंत असताना त्यांचं पत्र कार्यालयात पोचलं आणि नोंदलं गेलं.

आणि नव्या अधिसूचनेची शेवटची ओळ अशी होती की रद्द होण्याच्या दिवशी जी प्रकरणं प्रलंबित असतील ती, जणू काही नियम रद्द झालेलेच नाहीत, अशा रीतीने जुन्याच नियमांप्रमाणे निकाली काढली जातील. ही ओळ यशवंतरावांचीच. 'जणू काही' हे शब्द राहावेत म्हणून ते विधी खात्याशी भांडले होते.

तर परिस्थिती अशी झाली. राजपत्र निघाल्या दिवसापासून सबंध राज्यात कोणीही, कुठेही, कसलाही परवाना न घेता लहान चक्की लावू शकत होतं. अपवाद एकच. जुन्या नियमांखाली सबंध राज्यात एकच प्रकरण प्रलंबित होतं. आणि जुन्या नियमांप्रमाणे, निर्णय होईपर्यंत यंत्र चालू नये म्हणून त्याला सील लावणं बंधनकारक होतं.

शेजारच्या श्रीवास्तवजींना हे समजावून सांगायला एक चहा आणि एक कॉफी लागली. श्रीवास्तवजी बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गोड. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "वह सब तो ठीक है, पाठराबे साहब," ते म्हणाले. "मगर आपने पूछा ही क्यों?"

त्या आठवड्यात हा प्रश्न यशवंतरावांना दूधवाल्याने विचारला, मंडळाच्या अध्यक्षांनी विचारला, दातांच्या डॉक्टरने तोंडात आरसा घालून ठेवलेला असताना विचारला. प्रत्येक जण तो असा विचारी की जणू हा मुद्दा आपल्यालाच पहिल्यांदा सुचला आहे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लीलावती मावशींनी विचारला तो सर्वांत सविस्तर. मावशी मूळच्या इंदूरच्या. आमच्या इंदूरला असं झालंच नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथे लोक आधी खातात आणि मग कशाचं होतं ते विचारतात. त्यांनी चक्कीला प्रदक्षिणा घातली, चष्मा लावून लाखेचा शिक्का वाचला आणि दळण वरून टाकता येत नसेल तर खालून टाकता येईल का अशी शंका काढली. त्यांच्या सुनेच्या माहेरी त्यांनी भाजणी कबूल करून ठेवली होती, आणि सुनेच्या माहेरचे लोक, मावशींच्या शब्दांत, चांगले असले तरी लक्षात ठेवणारे होते.

यशवंतराव कार्यालयात गेले. शाखाधिकारी रघुवंशी हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले. ते ताडकन उभे राहिले, स्वतःची खुर्ची दिली, समोसे मागवले. फाइल समोर होतीच. तिला नवं कोरं आवरण घातलेलं होतं आणि वर सुवाच्य अक्षरात 'पाठराबे प्रकरण' लिहिलेलं होतं. आपल्या नावामागे श्री नाही हे यशवंतरावांच्या लक्षात आलं.

रघुवंशींनी अडचणी एकेक करून मांडल्या. जुन्या नियमाप्रमाणे निर्णयाआधी निरीक्षकाचा अहवाल लागतो, पण निरीक्षकाचं पद नियमांबरोबरच रद्द झालं. अर्ज ठरावीक नमुन्यात लागतो, पण तो नमुना छापणं बंद झालं. शुल्क भरायचं, तर ज्या खात्यात भरायचं ते खातं पोर्टलवरून काढून टाकलेलं.

"मग सील कोणत्या अधिकारात लावलं?" यशवंतरावांनी विचारलं.

"सर, सील लावण्याचा अधिकार कलम नऊमध्ये आहे. काढण्याचा कलम दहामध्ये, निरीक्षकाच्या अहवालावर," रघुवंशी हिंदीत म्हणाले, आणि पुढे अतिशय आदराने, "सर, आपही ने तो सिखाया है, आख़िरी लाइन को हल्के में मत लेना."

आपण शिकवलेलं एवढं लक्षात ठेवणारा माणूस भेटल्याचा आनंद आणि आपली चक्की बंद असल्याचं दुःख ही दोन्ही एकदम झाल्यामुळे यशवंतरावांना समोसा गिळायला वेळ लागला.

घरी दिवस वाया जात होते. भाजलेलं धान्य फार थांबत नाही. त्याचा वास उडतो आणि मग चकली तेल पिते. वैजयंतीबाई डबे उघडून वास घेत, झाकण लावत आणि पुन्हा उघडत. शेवटी त्यांनी मन घट्ट करून थोडी भाजणी बाजारच्या चक्कीवर दळून आणली, चकल्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या श्रीवास्तवजींना दिल्या. श्रीवास्तवजींनी दोन खाल्ल्या. फार छान आहेत, नरम आहेत, या वयात दातांना सोयीच्या पडतात, असं ते मनापासून म्हणाले. वैजयंतीबाईंनी उरलेल्या चकल्या परत आणल्या आणि त्या दिवसापासून बाजारच्या चक्कीचं नाव घरात निघालं नाही. घेतलेली नावं परत करायची, दिवाळीला जमणार नाही म्हणून एकेका घरी फोन करायचा, हे मात्र त्या रोज उद्यावर टाकत होत्या.

श्रीवास्तवजींच्या आग्रहाने यशवंतरावांनी एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आठवड्याने एका मुलीचा फोन आला. आपण कार्यवाहीने संतुष्ट आहात का, असं तिने विचारलं. यशवंतराव म्हणाले की संतुष्ट या शब्दाची व्याख्या काय धरायची? कार्यवाहीची गती, गुणवत्ता की निष्पत्ती? गतीबाबत आपण असंतुष्ट आहोत, निष्पत्तीबाबतही आहोत, पण रघुवंशींच्या वागण्याबाबत तक्रार नाही, हे नमूद व्हावं. मुलगी म्हणाली, धन्यवाद सर. संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला की तक्रारदार संतुष्ट असल्याने तक्रार बंद करण्यात आली आहे. तुषार निरोप वाचून इतका हसला की वैजयंतीबाई स्वयंपाकघरातून बघायला आल्या. त्या हसल्या नाहीत.

कार्यालयाच्या तिसऱ्या फेरीला यशवंतरावांना एक वेगळीच शंका आली. त्या शाखेत ते गेले की शिपायापासून बडे बाबूंपर्यंत सगळे उभे राहत. पाणी गार असे. समोशांबरोबर आता जिलेबीही येऊ लागली होती. निवृत्त अवर सचिवाचा मान किती असतो याचा यशवंतरावांना अंदाज होता, आणि हा त्याहून पुष्कळ जास्त होता.

त्यांनी रघुवंशींना सरळ विचारलं. रघुवंशींनी उठून दार लोटलं.

नियम रद्द झाले तेव्हा शाखाही बंद व्हायची होती, ते म्हणाले. माणसांच्या बदल्या राज्याच्या पार टोकांना निघणार होत्या, कोणी डिंडोरीला, कोणी अलीराजपूरला. पण जोवर एकही प्रकरण प्रलंबित आहे तोवर शाखा ठेवणं भाग आहे. तशी टीप वर गेली होती आणि मंजूर झाली होती.

"बिटिया की बारहवीं है, सर," रघुवंशी म्हणाले. "मार्च तक निकल जाए, बस. यहाँ सब लोग आपको रोज़ याद करते हैं."

यशवंतरावांनी फाइल स्वतःकडे ओढली. मग त्यांनी विचारलं की आपण आपलं पत्र मागे घेतलं तर? रघुवंशींचा चेहरा उतरला, पण नोकरीचे संस्कार मोडणारे ते नव्हते. त्यांनी स्वतः कोरा कागद पुढे केला. यशवंतरावांनी तिथेच माघारीचा अर्ज लिहिला. रघुवंशींनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. जुन्या नियमांत माघारीची तरतूदच नव्हती. तेव्हा माघार घेता येते की नाही, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावा लागणार होता. स्वतंत्र फाइल उघडली गेली. शाखेत आता दोन प्रकरणं प्रलंबित झाली आणि त्या संध्याकाळी तिथे पेढे वाटले गेले. यशवंतरावांनाही एक मिळाला.

वैजयंतीबाईंनी हा वृत्तान्त पोळ्या लाटता लाटता ऐकला. रघुवंशींच्या मुलीचं ऐकून त्यांचं लाटणं क्षणभर थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. "तिची परीक्षा मार्चमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "माझी या महिन्यात आहे."

यशवंतरावांच्या बाजूने एवढंच सांगता येईल की त्या रात्री त्यांनी ताटातल्या कशाबद्दलही अभिप्राय दिला नाही.

यानंतर प्रकरण जबलपूरला गेलं. परवाने काढून बसलेल्या जुन्या चक्कीमालकांच्या एका संघटनेने उच्च न्यायालयात याचिका केली. आम्हाला न विचारता नियम रद्द केले, आम्ही इतकी वर्षं नियम पाळले ते काय उगाच, असा तिचा आशय. त्यात पुरावा म्हणून पाठराबे प्रकरण जोडलेलं होतं. शासन स्वतःच अजून या नियमाखाली एका चक्कीला सील लावून बसलं आहे, त्या अर्थी नियम गरजेचा आहे, असा संघटनेच्या वकिलांचा युक्तिवाद होता. शासनाच्या वकिलांनी उत्तरात तेच प्रकरण उलट्या बाजूने जोडलं. एवढं एक प्रकरण सोडलं तर कुठेच काही अडलेलं नाही, त्या अर्थी सुधारणा यशस्वी झाली आहे. दोन्ही बाजूंनी यशवंतरावांचा हवाला दिला आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्या आडनावाचे हिज्जे वेगवेगळे केले.

एका स्थानिक हिंदी पेपराने त्यांचा चक्कीशेजारी उभा असलेला फोटो छापला. खाली लिहिलं होतं, 'चक्की-पीड़ित बुज़ुर्ग'. यशवंतरावांना पीडितचं फारसं वाटलं नाही. बुज़ुर्ग मात्र लागलं. त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं की शासनाच्या व्याख्येनुसार ज्येष्ठ नागरिक कोणाला म्हणावं हे ठरलेलं आहे आणि बुज़ुर्ग अशी कोणतीही श्रेणी अस्तित्वात नाही. ते पत्र छापून आलं नाही. लीलावती मावशींनी फोटो कापून ठेवला, कारण त्यात मागे त्यांची स्कूटर दिसत होती.

वसुबारसेच्या दिवशी रघुवंशी स्वतः घरी आले. हातात मिठाईचा डबा आणि एक लिफाफा. न्यायालयात विचारणा झाल्यामुळे खात्यात वरपर्यंत हालचाल झाली होती. प्रलंबित प्रकरणांसाठी अनुभवी माणूस कंत्राटावर नेमायचं ठरलं होतं आणि या नियमांचा अनुभव असलेला माणूस भोपाळात एकच होता. विशेष कर्तव्य अधिकारी. स्वतंत्र खोली, दारावर पाटी, एक शिपाई. संमती दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, पाच वाजेपर्यंत कळवायची होती, कारण त्यानंतर कार्यालयं दिवाळीसाठी बंद होणार होती.

रघुवंशी गेल्यावर यशवंतरावांनी पत्र दोनदा वाचलं. त्यात श्री होतं. त्यांनी कपाटातून जुना चष्म्याचा डबा काढला, ऑफिसला नेत तो, आणि उगाच पुसून ठेवला. वैजयंतीबाई समोर येऊन बसल्या.

"सही केलीत तर चक्की सुरू होईल?"

यशवंतराव खोटं बोलत नाहीत. "मी त्या पदावर बसलो तर ही फाइल माझ्यासमोर येऊ शकत नाही," ते म्हणाले. "माझंच प्रकरण आहे ना. ते वर जाईल."

"वर म्हणजे कुठे?"

"ते ठरायचं आहे."

"आणि नाही केलीत तर?"

"आहे तिथेच राहील."

वैजयंतीबाईंनी मान हलवली. नवऱ्याकडे नाही, गॅरेजच्या दिशेने बघत त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. "सील चक्कीला आहे की गॅरेजला?"

"यंत्राला," यशवंतराव म्हणाले. "नियम यंत्राबद्दल आहे. जागेबद्दल नाही." त्यांना वाटलं हिला नियमांत रस वाटू लागला, आणि ते कलम नऊ समजावून सांगू लागले. पण त्या उठून गेल्या होत्या. आतून त्या तुषारला पेचकस कुठे आहे ते विचारत होत्या आणि रात्रभर स्वयंपाकघरातून धणे-जिरे भाजल्याचा वास येत राहिला. ही भाजणीची तिसरी खेप होती; आधीच्या दोन्हींचा वास उडून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जे कळलं ते श्रीवास्तवजींकडून. ते झेंडूची फुलं आणून दारात उभे होते तेव्हा करोंदकडचा एक टेम्पो गल्लीत शिरला. मागे ताडपत्रीखाली काहीतरी होतं. तुषार, सुट्टी नसताना घरी असलेला, टेम्पो मागे घेऊन गॅरेजशी लावायला मदत करत होता. टेम्पोने काही उतरवलं, की गॅरेजातलं काही चढवलं, की टेम्पोत नुसती पोतीच होती, हे श्रीवास्तवजींना सांगता आलं नाही, कारण त्याच वेळी त्यांच्या सौभाग्यवतींनी त्यांना आत बोलावलं. ते परत आले तेव्हा टेम्पो नव्हता आणि गॅरेजचं शटर आतून बंद होतं.

यशवंतराव त्या वेळी आकाशकंदील आणायला गेले होते. परत येताना चौकातच त्यांना घरघर ऐकू आली. गल्लीत शिरले तसा आवाज वाढला. लीलावती मावशी रिकामा डबा घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. त्यांच्यामागे मंडळातल्या आणखी दोघी, त्याही डबे घेऊन. मावशींनी यशवंतरावांना वाट करून दिली.

ते शटरसमोर जाऊन उभे राहिले. आत दळण चाललं होतं यात शंका नव्हती. भाजणीचा खमंग वास शटरखालच्या फटीतून बाहेर येत होता आणि जमिनीवर पिठाचा बारीक थर बसू लागला होता. आत दुसरं यंत्र आलं असेल तर त्याला राज्यातला कोणताही नियम लागू नव्हता. आत तेच यंत्र असेल तर सुपुर्दनाम्यावर सही यशवंतरावांची होती. दोन्ही यंत्रांचा आवाज बाहेरून सारखाच येणार, हे त्यांनाही कळत होतं. शटर ठोठावायला त्यांनी हात उचलला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. रघुवंशी होते. पाच वाजायला थोडा वेळ आहे, ते म्हणाले, वर साहेब बसून आहेत, सरांची संमती तोंडी कळली तरी चालेल, कागद दिवाळीनंतर.

"सर," ते म्हणाले, "पीछे कुछ चल रहा है क्या?"

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा यशवंतराव पाठराबे एका हातात फोन घेऊन शटरसमोर उभे होते. फोन बंद झालेला नव्हता. त्यांनी उत्तर दिलेलं नव्हतं. फाटकाशी डब्यांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि आत दळण चालू होतं.